हुद्दा नको, मधली वर्षं लिहा

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही जुन्या कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. पंचविशीचा मेळावा ठरला की कुणीतरी टाकतं, 'सगळ्यांनी आपापली माहिती चार ओळींत पाठवा, स्मरणिका काढतोय.' दोन दिवसांत पंधरा-वीस जणांची माहिती येते, तिच्यावर अंगठे आणि फुलांचे गुच्छ पडतात, आणि मग ग्रुप पुन्हा सुप्रभातवर येतो. आलेल्या माहितीत पुण्याचा आयटीवाला असतो, तालुक्याचा डॉक्टर असतो, मंत्रालयातला एखादा कक्ष अधिकारी, कॅनडात गेलेली एक मैत्रीण. वर्गात शंभर जण होते. बाकीच्या ऐंशींचं काय झालं, हे त्या गुळगुळीत कागदावरच्या स्मरणिकेत कुठेच नसतं. वाचणाऱ्याला वाटावं, खानदेशात पदवी घेतलेला प्रत्येक जण साहेबच झाला.

हा लेख त्या स्मरणिकेचं काम अंगावर घेतलेल्यांसाठी आहे, आणि ज्यांना त्या चार ओळी लिहायच्या आहेत त्यांच्यासाठीही. दोघांनी एकच वाचक डोळ्यांसमोर ठेवावा: त्याच कॉलेजात आज तृतीय वर्षाला बसलेला मुलगा किंवा मुलगी. आपला मित्र आज कोण आहे हे आपल्याला माहीत असतं. त्या मुलाला हवं असतं ते वेगळंच. निकाल लागल्यावर पहिली तीन वर्षं कशी काढली, पैसे कुणी दिले, कुठे अडकलात, कधी सोडून दिलंत. 'वरिष्ठ व्यवस्थापक, पुणे' या तीन शब्दांत त्याला काहीही मिळत नाही.

यादी कुणाची करायची, हा पहिला प्रश्न. बहुतेक जण निकालपत्रक शोधतात आणि पास झालेल्यांची नावं उतरवून घेतात. तसं करू नका. प्रथम वर्षाचं हजेरीपत्रक किंवा कॉलेजचं जनरल रजिस्टर मिळवा आणि तिथून सुरुवात करा, म्हणजे मधेच सोडून गेलेलेही यादीत येतील. ना. धों. महानोर जळगावला कॉलेजात आले आणि पहिल्याच वर्षानंतर पळासखेडला शेतीकडे परतले. फक्त पदवीधरांची यादी केली असती तर त्या वर्गातला हा कवी यादीबाहेर राहिला असता. अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याचं, म्हणजे आजच्या विप्रोचं, तसंच. 1966 साली वडील वारले म्हणून अझीम प्रेमजी स्टॅनफर्डमधलं शिक्षण अर्धवट टाकून तो कारखाना सांभाळायला आले. पदवी पुढे कित्येक वर्षांनी पूर्ण केली. ही मोठी नावं झाली. तुमच्या वर्गातल्या सोडून गेलेल्यांपैकी बहुतेकांचं कारणही असंच घरातलं असणार: वडलांचं आजारपण, बहिणीचं लग्न, फीचे पैसे. मराठी कादंबरीतला सगळ्यांत गाजलेला कॉलेजकुमार, 1963 च्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर, हाही पुण्याहून पदवीशिवाय खानदेशात परत आलेलाच आहे. परत येणं आपल्याकडे नवं नाही, ते छापायची लाज मात्र वाटते.

आता माणसं शोधायची. इथे खानदेशाची खास अडचण अशी की एका वर्गात पाटील, चौधरी, महाजन आणि पवार इतके असतात की नाव आणि आडनाव यांवरून काहीच ठरत नाही. यादीत वडलांचं नाव आणि गाव हे दोन रकाने हवेतच; गाव नसेल तर फेसबुकवर तुम्ही भलत्याच पाटलाला मित्रविनंती पाठवत बसाल. तालुका आणि जिल्हा त्या काळचा लिहा. नंदुरबार जिल्हा 1998 साली वेगळा झाला; त्याआधीच्या कागदावर शहादा, तळोदा, नवापूर हे सगळं धुळे जिल्ह्यातच दिसेल.

मग एक युक्ती, जी वर्गवार शोधण्यापेक्षा जास्त कामाची आहे: अप-डाऊनचे ग्रुप शोधा. आपल्याकडची निम्मी मुलं एसटीच्या किंवा रेल्वेच्या पासवर शिकली. वर्गात शेजारी कोण बसायचं ते विसरलं जातं, पण सुरत पॅसेंजरच्या डब्यात धरणगावला कोण चढायचं, चाळीसगाव-धुळे गाडीत जागा कोण धरायचं, एरंडोलच्या एसटीत मागच्या सीटवर कोण असायचं, हे लोक विसरत नाहीत. मार्गागणिक एकेक माणूस नेमा. भुसावळ मार्ग, अमळनेर मार्ग, पारोळा-एरंडोल मार्ग, शिरपूर मार्ग, साक्री मार्ग. होस्टेलवाल्यांचा वेगळा, एनएसएसच्या शिबिरातल्यांचा वेगळा. याशिवाय प्रत्येक तालुक्याच्या गावी तुमच्या बॅचचा एक जण मेडिकल स्टोअर चालवत असतो. त्याला फोन करा. कोण गावात आहे, कोण सुरतेला गेला, कोण आजारी आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

सुरतेचं नाव आलं म्हणून सांगतो. पुणे-मुंबईला गेलेले लगेच सापडतात, कारण त्यांना सापडायचं असतं. सुरतेला उधना, लिंबायत, पांडेसरा भागात खानदेशी माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत, आणि त्यांत बी.ए., बी.कॉम. झालेले खूप जण मिलमध्ये, दुकानात, स्वतःच्या छोट्या धंद्यात आहेत. अंकलेश्वर-वापीच्या केमिकल कंपन्यांत आपले बी.एस्सी. केमिस्ट्रीवाले शिफ्टला जातात. नाशिकला सातपूर-अंबड आहे. स्मरणिकेत गुजरातचं पान जवळजवळ नसतंच. ते मुद्दाम काढा.

मुलींचं प्रकरण सगळ्यांत अवघड, आणि बहुतेक बॅचेस तिथे हात टेकतात. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, आधारवर सासरचं, फेसबुकवर कधी दोन्ही आडनावं तर कधी नवऱ्याचा फोटो. माहेरच्या गावातून भावाला किंवा वहिनीला गाठणं हाच खरा रस्ता. तोही वर्गातल्या दुसऱ्या मैत्रिणीने गाठावा. वर्गमित्राने पंचवीस वर्षांनी एकदम सासरी फोन लावला तर बिचारीलाच दहा प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. तारीख ठरवतानाही त्यांचा विचार करा. बहुतेक मेळावे दिवाळीत ठेवतात आणि मग 'मुली येत नाहीत' म्हणतात. दिवाळीला सासरचं घर तिच्याच जिवावर चालतं. श्रावणात कानबाईच्या रोटांना भाऊबंदकी गावी जमते खरी, पण त्या दिवशी बाईला चुलीपासून हलता येत नाही. आपल्याकडे लेक माहेरी येते ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आखाजीच्या आगेमागे ठेवा. एप्रिल-मेचा भुसावळ-जळगावचा पारा 44-45 ला जातो, म्हणून कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर, आणि जेवणात भरीत-पुरी असली तर कुणाची तक्रार येत नाही. त्या दिवसांत लग्नांची दाटी असते, तेव्हा तिथी आधी पाहून घ्या.

मिळालेल्या माणसाला फॉर्म पाठवू नका. गूगल फॉर्म हा नोकरदारांना सोपा वाटतो. शेतातल्या, दुकानातल्या माणसाला 'सध्याचा हुद्दा' आणि 'कंपनीचे नाव' हे रकाने दिसले की तो मोबाइल खिशात टाकतो. फोन करा. शेतकऱ्याला रात्री आठनंतर, दुकानदाराला दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. फोन करणारा बॅचमधला सगळ्यांत यशस्वी माणूस नसावा. प्रांतसाहेबाने विचारलं की समोरचा आपसूक चार ओळींत आटपतो. आणि बोलीवर अडू नका. 'काय चाली ऱ्हायनं भो?' एवढ्यावर जो माणूस अर्धा तास बोलेल, तो 'आपली शैक्षणिक व व्यावसायिक वाटचाल सांगा' म्हटल्यावर दोन मिनिटांत संपेल. अहिराणी असो, लेवागणबोली असो, आवाज रेकॉर्ड करायची परवानगी घ्या, नंतर लिहून काढा, आणि एखाद-दुसरा मजकूर बोलीतच छापा.

विचारायचं काय? माझ्या मते पाच-सहा गोष्टी पुरे होतात. निकालाच्या दिवशी काय करायचं मनात होतं. पहिला पगार किंवा पहिली कमाई कशाची. घरून किती वर्षं पैसे घेतले. कोणती परीक्षा किती वेळा दिली आणि ती सोडायचं कधी ठरवलं. पदवीतलं काय उपयोगी पडलं. आज तृतीय वर्षाला असता तर वेगळं काय केलं असतं. यांतला चौथा प्रश्न टाळू नका. एमपीएससीच्या राज्यसेवेला वयाची मर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 आहे. म्हणजे एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेला मुलगा कागदोपत्री सतरा-बावीस वर्षं 'तयारी करतोय' म्हणू शकतो. पुण्यातल्या अभ्यासिकांत अशी किती वर्षं गेली, हे आपल्या बॅचमध्ये अनेकांना माहीत आहे. जो लागला त्याचं भाषण कॉलेजात दरवर्षी होतं. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या झोपडीतून भारतीय प्रशासन सेवेत गेलेल्या राजेंद्र भारूड यांची गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. पण पाच प्रयत्नांनंतर थांबलेल्या आणि आता ठीक चाललेल्या माणसाने 'मी तिसऱ्या प्रयत्नानंतरच थांबायला हवं होतं' असं लिहिलं, तर ते वाचून निदान दोघा-चौघांची वर्षं वाचतील.

आता लिहायचं कसं ते एका नमुन्यावरून पाहू. समजा मूळ मजकूर असा आला: 'बी.एस्सी. सध्या प्रगतशील शेतकरी. पत्नी गृहिणी, दोन अपत्ये. सर्व काही छान.' यातून 'प्रगतशील' हा शब्द आधी काढा; तो कृषी पुरस्काराच्या अर्जात शोभतो. मग फोनवर बोलून तोच मजकूर असा होऊ शकतो:

'बी.एस्सी. केमिस्ट्री, 2001. एम.एस्सी.ला नंबर लागला होता, पण वडलांना अर्धांगवायू झाला आणि राहून गेलं. दोन वर्षं अंकलेश्वरला केमिकल कंपनीत होतो. पगार वेळेवर, पण एका खोलीत सहा जण आणि कपड्यांचा वास धुऊनही जायचा नाही. 2004 ला रावेर तालुक्यात गावी आलो. आठ एकर, बहुतेक केळी. ठिबकसाठी बँकेचं कर्ज काढलं, फिटायला सात वर्षं लागली. मधे एमपीएससीच्या दोन पूर्व परीक्षा दिल्या, मुख्यपर्यंत पोचलो नाही. टिश्यू कल्चरची रोपं लावायला लागल्यापासून बागेचं बरं चाललंय. सीएमव्ही हा विषाणूरोग आला त्या वर्षी मात्र उभी बाग उपटून टाकावी लागली. केमिस्ट्रीचा उपयोग एवढाच, की खताच्या पोत्यावर काय लिहिलंय ते कळतं आणि दुकानदार टोपी घालू शकत नाही. मुलगी फार्मसीला आहे. पुन्हा संधी मिळाली तर एम.एस्सी. करूनच गावी येईन.'

दीडशे शब्दही नाहीत. पण यात कर्ज आहे, फेडायची मुदत आहे, अपयश आहे, आणि शेतात केमिस्ट्रीचा नेमका उपयोग काय हेही आहे. तुमच्या कॉलेजच्या विज्ञान शाखेतल्या केळीपट्ट्यातल्या मुलाला हे कुठल्याही करिअर मार्गदर्शनाच्या भाषणापेक्षा जास्त सांगतं.

'पत्नी गृहिणी' याचंही तसंच. बी.कॉम. झालेल्या वर्गमैत्रिणीची माहिती पुष्कळदा नवराच भरून पाठवतो आणि 'गृहिणी' लिहून मोकळा होतो. तिला स्वतःला फोन लावा आणि सरळ विचारा, दुकानाचा हिशेब कोण बघतं? जीएसटीची बिलं कोण जुळवतं? दालमिलच्या मजुरांचे पगार कोण काढतं? वीस वर्षं धंद्याची खातेवही सांभाळणाऱ्या बाईने आपल्या बी.कॉम.चा पुरेपूर वापर केलेला असतो, फक्त तिच्या नावापुढे पगार लागत नाही. तसं लिहा.

वर्षं मात्र नीट लिहा, कारण आपल्याकडे एकेका वर्षाने माणसांची आयुष्यं वेगळी झाली आहेत. सरकारी किंवा अनुदानित संस्थेतली नोकरी 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागली की नंतर, यावर जुनी पेन्शन अवलंबून. एकाच बाकावरचे दोघे, एकाला जुनी पेन्शन आणि दुसऱ्याला नाही. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली आणि सुरुवातीची तीन वर्षं मानधनावर गेली. 2012 ला शिक्षकभरतीला लगाम बसला, 2013 ला टीईटी आली. त्या सुमारास डी.एड. झालेल्यांची आख्खी पिढी अडकली. विनाअनुदानित शाळांत बिनपगारी शिकवणारे, सीनियर कॉलेजांत वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राहिलेले नेट-सेटधारक, हे खानदेशातल्या प्रत्येक बॅचमध्ये आहेत आणि स्मरणिकेत त्यांच्यापुढे नुसतं 'प्राध्यापक' लिहिलेलं असतं. नोकरीसाठी संस्थेला काय द्यावं लागलं, हे कुणी नावानिशी लिहिणार नाही, आणि तुम्ही तसा आग्रहही धरू नका. पण शेवटी दोन पानं बिननावाची ठेवता येतात. ज्याला लिहायचं त्याने गावाचा, संस्थेचा उल्लेख न करता लिहावं. ती पानं सगळ्यांत जास्त वाचली जातील, याची मला खात्री आहे.

गेलेल्यांची नोंद राहून जाऊ देऊ नका. कोविडमध्ये गेलेले, अपघातात गेलेले, शेतीच्या कर्जापायी ज्यांनी जीव दिला ते. घरच्यांना विचारूनच लिहा, कारण काय छापायचं ते घरच्यांनीच ठरवायचं, आणि त्या माणसाची कॉलेजातली एक ठसठशीत आठवण मित्रांकडून घ्या. परवानगीची गोष्ट जिवंत माणसांनाही लागू आहे. मोबाइल नंबर, घरचा पत्ता, जात, पगार, हे स्मरणिकेत छापू नका. छापील नंबरांची यादी विमा एजंटांच्या आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या हाती पडायला आठवडा लागत नाही. नंबर समन्वयकाकडच्या वहीत राहू द्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही 2023 साली झाला आहे; प्रत्येकाकडून 'छापायला हरकत नाही' असा एक मेसेज घेऊन ठेवला की पुढचा वाद टळतो.

माहिती गोळा करताना जुन्या कागदपत्रांची चौकशी हमखास येते, म्हणून तेवढं पाठ ठेवा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 ला सुरू झालं. त्याआधीची मूळजी जेठा, प्रताप, धुळ्याचं जयहिंद अशा कॉलेजांतली पदवी पुणे विद्यापीठाची, आणि तिची डुप्लिकेट गुणपत्रिका पुण्याहूनच काढावी लागते. 2018 मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव जोडलं गेलं. त्यामुळे जुन्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि नव्या पडताळणीपत्रावर दुसरं दिसतं. परदेशी संस्थेकडे अर्ज करताना नामविस्ताराचा खुलासा सोबत जोडा. वैद्यकीय शाखा 1998 पासून नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे गेल्या आहेत. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचा कारभार राहुरीकडे आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींना विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र लागतं, ते त्यांना आधीच सांगून ठेवा.

पैशाचं थोडक्यात. मेळाव्यात भावनेच्या भरात कुणीतरी 'आपण ट्रस्ट काढू' म्हणतंच. सात सभासद जमले की धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवता येते हे खरं, पण पुढे दरवर्षीचं ऑडिट आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज हे कुणी करत नाही. एका बॅचसाठी स्वतंत्र संस्था काढू नका. कॉलेजची नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघटना असेल तर तिच्यामार्फत द्या. परदेशातल्या मित्रांच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याचे पैसे धरले जातात आणि त्यासाठी संस्थेला एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. हे न पाहता खात्यात रक्कम घेतली तर कॉलेज अडचणीत येतं.

नॅकची कमिटी यायची झाली की कॉलेजला माजी विद्यार्थी अचानक आठवतात, कारण विद्यार्थ्यांची पुढची प्रगती आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग मूल्यांकनात मोजला जातो. त्याचा फायदा घ्या. तुमच्या हाती माहिती आहे, कॉलेजला ती हवी आहे. बदल्यात एक अट घाला. वर्षातून एकदा तृतीय वर्षाच्या मुलांसमोर बॅचमधल्या चौघांना बोलवायचं, आणि त्या चौघांत एक शेती करणारा, एक दुकान किंवा छोटा धंदा चालवणारा, एक परीक्षा सोडून दुसरीकडे वळलेला आणि एक बाई हवीच. सत्कार, शाल, नारळ यांना पाच मिनिटं आणि मुलांच्या प्रश्नांना तासभर.

स्मरणिका छापून झाली की एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात, एक विभागात, एक तालुक्याच्या वाचनालयात द्या. मूळ यादी आणि रेकॉर्डिंग दोघांकडे ठेवा. त्यांतला एक कॉलेजच्याच गावी राहणारा असावा, कारण पुण्याची माणसं नोकरी बदलली की लॅपटॉपही बदलतात. दर पाच वर्षांनी मार्गवार तेच फोन पुन्हा करायचे. पुढच्या खेपेला ज्यांनी 'आत्ता नको, नंतर सांगतो' म्हटलं होतं, त्यांच्यापासून सुरुवात करा.